मीनाचा बूट आणि माझा गुडघा

सर्व्हेच्या कामाला जाऊ नये माणसाने. गेलंच, तर कान घरी ठेवून जावं! फॉर्म काय, संध्याकाळी ऑफिसात जमा करून मोकळं होता येतं. किस्से कुठे जमा करणार? ते घरी येतात, आपल्याबरोबर जेवायला बसतात आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. आता तर कुणाच्या हळदीला गेले तरी चार जणी मला कोपऱ्यात ओढतात, "उज्ज्वला, तो सोनगीरचा सांग ना!" मी सांगते. सांगायला मला आवडतं, उगाच कशाला नाही म्हणू?

एकच अडचण आहे. माझ्या प्रत्येक किश्श्यात मीना येते. किस्सा माझा, सांगणारी मी, आणि शेवटी सगळ्या विचारतात काय, तर "मीना कशी आहे गं आता?" जळते मी. स्पष्टच सांगते.

*

आधी मीना कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमची संस्था जळगावची. काम असं की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या काही गावांत किती लोकांना दिसायला, ऐकायला, चालायला, बोलायला, स्वतःचं स्वतः करायला त्रास होतो, याचा अंदाज काढायचा. प्रत्येक घरात जाणं शक्य नाही. म्हणून काही घरं निवडायची, तिथे नीट विचारायचं आणि त्यावरून अख्ख्या भागाचा हिशेब मांडायचा. हे कशासाठी? तर थेरपी सेंटर काढायचं होतं. थेरपिस्ट एकच, तीही आठवड्यातून एकदा येणार. त्यामुळे पहिलं सेंटर एकाच ठिकाणी होणार होतं. बोदवडला किंवा सोनगीरला. जिकडे गरज जास्त निघेल तिकडे.

बोदवडची बाजू माझ्याकडे. सोनगीरची मीनाकडे. मीना मूळची सोनगीरचीच. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी. माझ्याएवढीच शिकलेली, माझ्याएवढाच अनुभव, आणि माझ्यापेक्षा दुप्पट बोलणारी. साड्या अशा भडक की लांबूनच गावाला कळावं, सर्व्हेवाली आली!

आणि एकत्र निघालो की जीपमध्ये पुढची सीट कायम मीनाची. पाय लांब करायला जागा लागते ना. मला मागच्या सीटवर बसलं की मळमळतं. पण हे कोणाला सांगणार? एकदा मी ड्रायव्हर पिंटूभाऊंना हळूच म्हटलं, "भाऊ, मलाही कधी पुढे बसू द्या की."

पिंटूभाऊ म्हणाले, "बसा ना ताई. गोळी आणून ठेवली आहे तुमच्यासाठी."

पुढे बसायला नाही, मळमळीची गोळी!

*

मला बोदवडलाच सेंटर हवं होतं, त्याला कारण सुनीता.

सुनीता बोदवडची. तिचा गोलू पाचेक वर्षांचा. मान सावरतो, हसतो, पण बसायला आधार लागतो आणि उभं राहता येत नाही. दर गुरुवारी ती त्याला कडेवर घेऊन रेल्वेने जळगावला थेरपीला आणायची. मोठी मुलगी परी, दोनेक वर्षांनी मोठी असेल. तिला शेजारी ठेवून यायची. जळगाव स्टेशनच्या जिन्यावर ती मला भेटली तेव्हा मधल्याच पायरीवर टेकली होती.

"पोरगं वाढून राह्यलं ताई," ती म्हणाली, "माही कंबर तेवढीच हाये!"

वर स्वतःच हसली. मला काही हसू आलं नाही. मी भरात बोलून गेले, "सुनीता, सेंटर मी बोदवडलाच आणते. बघच तू."

असं कोणाला शब्द देऊन बसायचं नसतं, हे कळतं मला. पण सुटला तोंडातून. त्यानंतर प्रत्येक गुरुवार माझ्या डोक्यावर बसायला लागला.

*

ट्रेनिंगच्या दिवसांत मीनाला आणि मला वरणगावला एकत्र पाठवलं होतं. तिथे एका ओट्यावर दोन म्हातारे बसले होते, आबा आणि नाना. शेजारी, आणि लहानपणापासूनचे मित्र.

आबांना ऐकू कमी येत होतं. मी विचारलं, "आबा, ऐकायला त्रास होतो का? थोडा, खूप, की ऐकूच येत नाही?" तीन वेळा विचारलं. चौथ्यांदा ओरडले तेव्हा आबा म्हणाले, "ओरडता कशाला?" मी "खूप त्रास" वर खूण केली.

नानांना विचारलं तर ताठ बसून म्हणाले, "मले काय झालंय? टाचणी पडली तरी ऐकू येते."

इथवर सगळं ठीक. मग मीनाने आबांना सांगितलं की पुढे कान तपासायचा कॅम्प होईल, गाडी घ्यायला येईल, मशीन लागलं तर तेही मिळायची सोय बघू. नाना ओट्यावरच दोन वीत पुढे सरकले.

"बाई, माहं बी लिहा."

"नाना, तुम्ही तर टाचणी म्हणालात!"

"ते तसंच बोललो. मले त्याच्याहून कमी ऐकू येते!"

मी मीनाच्या कानाशी अगदी पुटपुटले, "साफ खोटं बोलतायत."

ओट्याच्या त्या टोकावरून नाना म्हणाले, "खोटं नही वं बाई!"

*

आता माझी कामाची पद्धत सांगते. मी वेगवान! दारात उभी राहायची, पॅड डाव्या हातावर, आणि खाडखाड प्रश्न. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? ऐकायला? चालायला, जिना चढायला? आठवायला? अंघोळ, कपडे स्वतःचं स्वतः करायला? आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावून सांगायला? घरातल्या प्रत्येक माणसासाठी सगळे प्रश्न. एकही गाळायची नाही. दारात येईल तो उत्तर देणार. "नाही, नाही, नाही, कोणालाच नाही." की पुढचं घर.

आठवणीच्या प्रश्नाला मात्र सगळ्या गावांत एकच उत्तर यायचं. बायका नवऱ्याकडे बोट दाखवायच्या. एकीने तर सांगितलं, "ह्यांना आठवत नाही, ऐकू येत नाही आणि टॉवेलसुद्धा हातात द्यावा लागतो. लिहा सगळं!" लगेच शेजारची फणकारली, "तुमचे अंघोळ तरी करतात!"

तर मी अशी भराभर घरं उरकत होते आणि मीना? मीना एका घरात गेली की हरवायची. पिंटूभाऊ सांगायचे, ते झाडाखाली झोपून उठायचे तरी बाई आतच. बाहेर यायची तेव्हा तोंडात सुपारी, हातात भाजीची पिशवी. कोणी वांगी दिली, कोणी शेवग्याच्या शेंगा. मला त्या अख्ख्या सर्व्हेत पाणीसुद्धा मागून प्यावं लागलं!

महिन्याच्या मिटिंगला महाजन सरांनी दोन्ही भागांचे आकडे समोर ठेवले. सर आमचे प्रमुख. तोंडावर कधी काही दिसू देत नाहीत. सोनगीरचं प्रमाण माझ्या बोदवडच्या दुप्पट! सर म्हणाले, "म्हणजे सेंटर सोनगीरला, असं दिसतंय."

माझ्या डोळ्यासमोर तो स्टेशनचा जिना आला. आणि मीना शेजारी बसून चिवडा खात होती.

"सर," मी म्हटलं, "एवढा फरक कसा असेल? दोन गावांची माणसं काय वेगळ्या मातीची आहेत का? उलटतपासणी करू या. मी सोनगीरची घरं बघते, मीना बोदवडची बघेल."

बोलण्यात मी फार गोड होते. मनात म्हणत होते, बनवते ही आकडे, आता सापडेल!

मीनाने चिवड्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. "घे गं. चांगली आयडिया आहे."

तिथेच माझी निम्मी मजा गेली.

*

सोनगीरला गेले ती पुरावा शोधायलाच. पहिल्या घरी मीनाने लिहिलं होतं की आजोबांना दिसत नाही. आजोबा समोर बसलेले, खरंच दिसत नव्हतं. दुसऱ्या घरी मुलीला बोलता येत नाही. खरंच येत नव्हतं. तिसऱ्या, चौथ्या घरी तेच. सगळं जसंच्या तसं! वर प्रत्येक घरात विचारणा, "मीनाबाई नही उनी का?" मी आले होते, त्याचं कोणाला काही नाही, मीना का नाही आली!

दुपारी किल्ल्याच्या बाजूच्या एका गल्लीत आले तेव्हा माझं डोकं तापलं होतं. यादीतलं पुढचं घर एका अक्कांचं. तिथे मीना गेली तेव्हा कुलूप होतं, त्यामुळे घर कोरं. मनात आलं, करूनच बघावं मीनासारखं. मी चपला काढल्या आणि लंगडत आत गेले. उंबऱ्यावर हात टेकून कळवळून म्हटलं, "अक्का, जरा टेकू का? गुडघा फार भरून आलाय."

अक्का उठल्याच. "ये व माय, बस! गुडघाले काय व्हयनं?"

काय सांगू तुम्हाला! मला खाटेवर आडवी केली. सुनेला तेल गरम करायला लावलं. गल्लीतल्या बायका आल्या. एक म्हणाली एरंडाचं पान बांध, दुसरी म्हणाली विटेचा शेक दे. अक्का माझ्या उजव्या गुडघ्याला तेल चोळताहेत, आणि मी, सर्व्हेची सुपरवायझर, छताकडे बघत पडलेली.

प्रश्न विचारायचे होते म्हणून पडल्या पडल्या विचारायला लागले. अक्का म्हणाल्या, "आम्हना घरमा तसं कोन्ही नही शे. बठ्ठा धडधाकट शेतस."

तोच तेलाची वाटी खाली आपटली. सून!

"मन्हा पाय दुखस, तो कोन्हले दिखस नही! ही बाई आत्ते उनी, तर तिले तेल!"

 अक्कांचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच थांबला. मग सून बोलत गेली. बाळंतपणापासून कंबरेतून पाय उचलत नव्हता तिचा. पाणी भरायचं तर भिंत धरून जायची. घरात सगळ्यांना वाटायचं, कामचुकार आहे. मी खाटेवरूनच लिहिलं. चालायला त्रास, खूप.

 मग अक्कांनी माझा गुडघा सोडला, सुनेला ओढून खाटेच्या कडेला बसवलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. मला म्हणाल्या, "तुन्हं बी नाव लिख. तू बी चालस नही."

माझी जागा गेली होती, तेव्हा मी पॅड उचललं आणि निघाले. दारापर्यंत आठवणीने लंगडत गेले. चपला घालताना मागून अक्कांचा आवाज आला.

"व माय! उजवा बरा व्हयना, आते डावा दुखाले लागना का?"

संध्याकाळी जळगावला पोचले तर ऑफिसात सगळे माझ्या पायांकडे बघत होते. अक्का मीनाच्या आईच्या मैत्रीण निघाल्या. फोन आधीच येऊन गेला होता.

*

तिकडे बोदवडला मीनाने काय केलं, ते शेवटच्या दिवशी मी तिला आणायला जीपने गेले तेव्हा सुनीताने सांगितलं. ऐकायचं नव्हतं, पण सांगितलं.

सुनीताच्या समोर एक काकू राहतात. काकूंनी मला दारातच सांगितलं होतं, "आमच्याकडे कोणी नाही हो ताई." मी "कोणी नाही" लिहून पुढे गेले होते. दारात पडदा होता, तोही मला आठवतो. निळा, फुलांचा.

मीना गेली आणि ओट्यावर बसून बूट काढायला लागली. आता तिचा तो बूट काढणं म्हणजे एक कार्यक्रम असतो. आधी वरचा पट्टा, मग गुडघ्याजवळचा, मग खिट्टी, मग खालची नाडी. काढायला एवढा वेळ लागतो आणि घालायला त्याच्या दुप्पट. तेवढा खटाटोप करणारं माणूस दोन मिनिटांत उठून जाणार नाही, हे बघणाऱ्याला कळतंच. काकू बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुखतं का वं?"

"दुखतं ना," मीना म्हणाली. "तुमच्याकडे कोणाचं काय दुखतं?"

 पडदा हलला. आतून एक पंचविशीची मुलगी भिंतीला हात लावत बाहेर आली. काकूंची थोरली. तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. धाकटीचं लग्न जमेपर्यंत थोरली कोणापुढे यायची नाही, असं घरात ठरलेलं. गल्लीतल्या कितीतरी जणांना ती घरात आहे हेच माहीत नव्हतं. ती आली, बुटाजवळ बसली, त्याच्या पट्ट्या एकेक करून हाताने चाचपल्या.

"हा बूट घालून तुम्ही एकट्या फिरता?" तिने विचारलं.

"एकटी कुठली? जीप आहे, ड्रायव्हर आहे. पुढची सीट माझी!"

मग म्हणे मुलगी हसली, काकू रडल्या आणि सुनीताने चहा टाकला. त्या एका गल्लीत मीनाला एवढे लोक सापडले की मी तिथे काय केलं होतं, असा प्रश्न कोणालाही पडावा.

"पण मला का नाही सांगितलं काकूंनी?" मी सुनीताला विचारलं. आवाज चढलाच माझा. "मी त्याच ओट्यासमोर उभी होते!"

"तुमी घाईत व्हत्या ना ताई," सुनीता म्हणाली. "त्या बाईले घाई नव्हती."

जीपमध्ये बसल्यावर मी मीनावर घसरले. "तुझं बरं आहे. तुझा पाय बघूनच दारं उघडतात. मला देवाने दोन धड पाय देऊन माझं वाटोळं केलं!"

पिंटूभाऊंनी आरशात बघितलं. मीना मागे वळली. चिडली नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

"बदलून घेतेस?" तिने विचारलं.

त्यानंतर नशिराबाद येईपर्यंत मी खिडकीतून केळीच्या बागा बघत बसले.

*

उलटतपासणीनंतर आकडे पुन्हा मांडले. सोनगीरचे जवळपास तेवढेच राहिले, म्हणजे अक्कांच्या सुनेची तेवढी भर. बोदवडचे मात्र इतके वाढले की सोनगीरच्याही पुढे गेले. महाजन सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सेंटर बोदवडला," ते म्हणाले. "उज्ज्वलाताई, उलटतपासणीची कल्पना तुमची. शाब्बास."

माझी शाब्बासकी! सगळ्यांसमोर! ज्या शब्दाची मी महिनोन्‌महिने वाट बघितली तो मिळाला, आणि मी मीनाकडे बघितलं. तेवढं नको होतं करायला.

लहानपणी सोनगीरहून धुळ्याला दवाखान्यात मीनाला तिचे वडील सायकलवर पुढे बसवून न्यायचे, हायवेच्या कडेकडेने. ट्रकचा वारा लागला की सायकल हलायची आणि ती हँडल गच्च धरायची. हे तिने एकदाच सांगितलं होतं, तेही हसत. गावात सेंटर व्हावं म्हणून तिने ही नोकरी धरली होती. आणि त्याच बाईने बोदवडमध्ये ओट्याओट्यावर बूट काढून तिथले आकडे वाढवले!

घरी जाताना मी तिला विचारलं, "कमी लिहिली असतीस तर? कोणाला कळलं असतं?"

"कमी कशी लिहू?" ती म्हणाली. "त्यासाठी तुझ्यासारखं उभं राहावं लागतं. मला जमतं का ते?"

आणि हसली. म्हणजे प्रामाणिकपणातही ही पुढे! कामात पुढे, गप्पांत पुढे, वांगी-शेंगांत पुढे, माणसाने जळायचं तरी किती?

त्या दिवशी ती जीपमध्ये मागे बसली. म्हणाली, आज पाय आडवा करून झोपायचंय. पिंटूभाऊंनी पुढचं दार माझ्यासाठी उघडलं. मी बसले. समोर मोठी काच, वारा, सगळं कसं छान होतं. मी दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होते. ती झोपली नव्हती.

*

बोदवडच्या सेंटरचा पहिला गुरुवार.

बाजारामागचा एक हॉल मिळाला होता. सतरंज्या, मोठा आरसा, धरून उभं राहायचे दोन दांडे. थेरपिस्ट मुलगी नवीकोरी, अजून प्रत्येकाला "सर", "मॅडम" म्हणणारी. दाराशी टेबल टाकून मीना आणि मी नावं घेत होतो. समोरच्या काकू थोरलीला हात धरून घेऊन आल्या, भर गल्लीतून. माझ्या समोरून गेल्या आणि मीनाला नमस्कार केला. असो!

सुनीता घरून चालत आली. गोलू कडेवर आणि मागून उड्या मारत परी. आता तिला शेजारी ठेवायचं कारण नव्हतं.

गोलूची पाळी आली. सुनीताने त्याला सतरंजीवर घेतलं, थेरपिस्ट शेजारी बसली. दोघी मिळून त्याचे पाय चोळत होत्या, वाकवत होत्या, गाणी म्हणत होत्या. मग त्याला दांड्याशी उभं धरलं. क्षणभर तो स्वतःच्या हाताने दांडा धरून उभा राहिला. हॉलभर टाळ्या! "शाब्बास गोलू!" सुनीताने त्याचे पटापट मुके घेतले. माझेही डोळे भरून आले. दिला शब्द निभावला होता, कोणाच्या का जीवावर असेना.

तेवढ्यात टेबलाशी कोणीतरी आलं. परी. भिंतीपासून आमच्यापर्यंत लंगडत आली होती.

"मले बी लिहा," ती म्हणाली.

"काय झालं गं तुला?"

"मले बी चालता येत नही."

सुनीताने लांबूनच ऐकलं. "ए परे! नाटकं करू नको! ताई, आत्ता उड्या मारत आली वं घरून!" बायका खो खो हसल्या. परी लाल झाली, पण हलली नाही. एक पाय उचलून तशीच उभी. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर टेबलाखालून मीनाचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. उजव्याच.

"कोणता पाय गं?" मीनाने परीला विचारलं.

परीने दोन्ही पायांकडे पाहिलं. "हा." डावा.

"खूप दुखतो?"

"लई."

"केव्हा दुखतो?"

परीने वळून आईकडे बघितलं. आईच्या मांडीवर गोलू होता.

"गुरुवारी."

 मीना खाली वाकली आणि बुटाचा वरचा पट्टा सोडायला लागली. मग गुडघ्याजवळचा. मग खिट्टी. हॉलमधल्या बायकांचं हसणं हळूहळू थांबलं. सुनीता बघत होती. तिने गोलूला थेरपिस्टच्या हातात दिलं, सतरंजीवर हात आपटून जागा केली आणि म्हणाली, "ये."

मी परीचं नाव लिहिलं. परी गेली, आईच्या मांडीवर पाय टाकून पडली आणि डोळे मिटून घेतले. सुनीता तिचा पाय चोळत होती, गोलूचा चोळायची तसाच, तेच गाणं म्हणत.

पुढच्या गुरुवारी परी पुन्हा आली. लंगडतच. थेरपिस्ट मुलगी बिचारी गोंधळली. कागद बघितला, परीकडे बघितलं, मग माझ्याकडे आली.

"मॅडम, मागच्या वेळी हिचा डावा पाय होता ना? आज तर उजवा!"

मीनाने माझ्याकडे बघितलं.

"असतं तसं," मी म्हटलं. "माझाही बदलतो."